दाब किती, थांबायचं किती

टेबलाची फळी जोडायला क्लॅम्प, म्हणजे गोंद सुकेपर्यंत लाकूड आवळून धरणारे शिकंजे, किती लागतात, असं कुठल्याही लाकूडकाम करणाऱ्याला विचारा. "असतील तेवढे कमीच" हेच उत्तर मिळेल. मी शाळेत गणित शिकवायचे. असं उत्तर कुणी पेपरात लिहिलं असतं तर शेजारी लाल शाईने 'कसे?' एवढंच लिहून मी पुढे गेले असते. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा-करवत घेऊन बसले, तेव्हा पहिला हिशेब याच प्रश्नाचा मांडला.

पांढरा गोंद, म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतो तो, दोन कडांमध्ये अगदी पातळ पापुद्र्यासारखा राहिला तरच नीट धरतो. थर जाड झाला की सगळा भार नुसत्या गोंदावर येतो आणि लाकडापुढे एकटा गोंद कच्चाच. थर पातळ ठेवायला दाब लागतो. मऊ लाकडाला दर चौरस सेंटीमीटरला साधारण ७ ते १० किलो, कठीण लाकडाला १२ ते १७ किलो. साग मधल्या गटातला, त्याला दहा धरू. एक मीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर जाड फळीची कड म्हणजे २५० चौरस सेंटीमीटर. गुणिले दहा. अडीच टन! एक बरा एफ क्लॅम्प, म्हणजे इंग्रजी F च्या आकाराचा, मनगटाच्या जोराने आवळला तर तीन-चारशे किलो दाब देतो. म्हणजे साधारण सहा ते आठ क्लॅम्प. दोनाच्या जागी तीन फळ्या असल्या तरी हा आकडा दुप्पट होत नाही. एका सांध्यातून गेलेला दाब तसाच पुढच्या सांध्यात जातो.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब करता येतो. जबड्याखालचा दाब लाकडात शिरताना दोन्हीकडे सुमारे ४५ अंशांत पसरतो. फळी १० सेंटीमीटर रुंद असेल तर सांध्यापाशी पोचेपर्यंत त्याने २० सेंटीमीटर लांबी व्यापलेली असते. म्हणून दर वीस सेंटीमीटरला एक क्लॅम्प, मीटरभराला पाच. गंमत अशी की रुंद फळ्यांना क्लॅम्प कमी लागतात आणि अरुंद पट्ट्यांना जास्त. तीन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्या जोडायच्या असतील तर बाहेरच्या दोन्ही कडांना एकेक जाड, सरळ दांडका लावायचा. दाबाला पसरायला तेवढी जागा मिळते, आणि जबड्याचे वण चांगल्या लाकडावर न उठता दांडक्यावर उठतात.

हा कागद मी मोठ्या अभिमानाने काकांना दाखवला. काका म्हणजे गावातले एक जुने मिस्त्री. गावात म्हणजे जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला. वाड्यांचे दरवाजे, झोपाळे, देव्हारे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला.

"हिशेब बरोबर आहे ताई. फळी सरळ आहे का?"

"रंधा मारलाय की."

"मग गोंद न लावता एकीवर एक उभी करा आणि उजेडासमोर धरा."

खिडकीसमोर धरल्यावर मधून उजेडाची एक रेघ दिसली. क्लॅम्प लावला असता तर ती मिटली असती, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "आवळलं तर येईल. आज येईल आणि उन्हाळ्यात परत जाईल." मग त्यांनी मला जी कसोटी सांगितली, तिच्यापुढे माझ्या कागदावरचे सगळे आकडे दुय्यम आहेत. हाताच्या दाबाने सांधा मिटत असेल तरच त्याला क्लॅम्प लावायचा. हाताने मिटत नसेल तर रंधा उचलायचा. वाकड्या फळीला तीनशे किलोने सरळ केलं तर तो ताण कुठेही जात नाही, गोंदाच्या थरात साठून राहतो आणि सोयीची वेळ आली की बाहेर पडतो.

याला एकच अपवाद मला पटला आहे. लांब फळ्या जोडताना कडेच्या मधोमध मुद्दाम कागदाच्या जाडीइतकी पोकळी ठेवतात. मधला क्लॅम्प आवळला की ती मिटते आणि दोन्ही टोकं आपोआप एकमेकींवर जास्त दाबली जातात. फळीचं टोक आधी सुकतं, आधी आकसतं, म्हणून सांधा फाटतो तो टोकाकडून. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तर हमखास. टोकाला आधीच थोडा जास्तीचा दाब देऊन ठेवला की फाटायला वेळ लागतो. पण हे ठरवून, मोजून करायचं काम. रंधा कमी पडला म्हणून राहिलेली पोकळी वेगळी आणि ही वेगळी.

काकांच्या लहानपणी घरात सरस असायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तो वितळवायचा, गरम असतानाच लावायचा. वास असा की घरातल्या बायका भांडं अंगणाबाहेर ठेवायला लावायच्या. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि पुढच्या काळात चुलीवरचं ते भांडं सुतारांच्या घरातून हळूहळू गेलं. थंडच लावता येणारा, वास नसलेला, डबा उघडला की तयार असा गोंद. मात्र सरसाचा एक गुण त्याच्याबरोबर गेला. गरम सरस लावून दोन कडा एकमेकींवर चार-सहा वेळा घासल्या की मधली हवा आणि जादा सरस बाहेर पडायचा, आणि थंड होता होता सांधा स्वतःच घट्ट धरायचा. छोट्या कामाला क्लॅम्पची गरजच नसे. पांढरा गोंद असा धरत नाही. त्यातलं पाणी लाकडात मुरेपर्यंत कुणीतरी त्याला धरून बसावं लागतं. गोंद लावणं सोपं झालं आणि थांबणं वाढलं, असा तो सौदा होता.

थांबायचं किती, हे डब्यावर छापलेलं असतं, पण नाशिकमध्ये ते महिन्यावर अवलंबून आहे. साधारणपणे ज्या सांध्यावर ताण नाही तो तासाभराने सोडला तरी चालतो आणि पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असताना अडचण उलटी असते. गोंद कडेवर पसरवून क्लॅम्प हातात घेईपर्यंत त्यावर साय धरलेली असते, आणि साय धरलेला गोंद दुसऱ्या कडेत शिरत नाही. उन्हाळ्यात मी गोंदाचं काम सकाळी सातच्या आत उरकते आणि मोठं काम दोन टप्प्यांत करते. पावसाळ्यात लाकूड आधीच ओलसर, त्यात गोंदाचं पाणी मुरायला जागा कमी. तेव्हा क्लॅम्प दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू देते.

सगळ्यात फसवी आपली थंडी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहून खाली. पांढऱ्या गोंदात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गेल्यावर हे कण एकमेकांत वितळून सलग पापुद्रा तयार व्हावा लागतो, आणि त्याला ठरावीक ऊब लागते. गोंदाच्या प्रकाराप्रमाणे साधारण ८ ते १३ अंशांच्या खाली पापुद्रा होतच नाही. गोंद सुकतो, पण खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. क्लॅम्प कितीही चांगले लावा, आत खडूच. पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीच्या रात्री हे सहज होऊ शकतं. म्हणून त्या दिवसांत फळ्या आणि गोंदाचा डबा दोन्ही आदल्या दिवशी घरात आणायचे आणि आवळलेलं काम रात्रभर बैठकीच्या खोलीत ठेवायचं. पाहुणे विचारतात. विचारू द्यावं.

ऋतूंवरून आणखी एक. सागासारखं शांत लाकूडसुद्धा रुंदीत श्वास घेतं. एप्रिलच्या कोरड्या हवेतून ऑगस्टच्या दमट हवेत जाताना ३० सेंटीमीटर रुंद सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून दरवाजाच्या चौकटीतला दिलहा, म्हणजे मधली फळी, गोंदाने चिकटवत नाहीत, खाचेत मोकळा ठेवतात. चौकट आवळताना बाहेर आलेला गोंद नकळत खाचेत उतरला तर दिलहा तिथेच धरला जातो आणि पहिल्या पावसाळ्यात चौकट उघडते किंवा दिलहा चिरतो. काका खाचेच्या कोपऱ्याला आधी मेण घासतात. मेणावर गोंद धरत नाही.

आता प्रत्यक्ष आवळण्याकडे येते. पहिली गोष्ट म्हणजे कोरडी तालीम. गोंदाचा डबा बंद ठेवून सगळे क्लॅम्प, सगळे पॅकिंगचे तुकडे जागच्या जागी लावायचे, आवळायचे, सांधे बघायचे, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, आणि मग फक्त एक-दोन फेरे सैल करून तसंच उघडायचं. गोंद लावल्यावर हातात पाच ते दहा मिनिटं असतात. त्या वेळात "तो छोटा तुकडा कुठे गेला" हे शोधायला लागलं की माणूस घाई करतो आणि घाईत नेहमी जास्त आवळतो.

क्लॅम्प एकाआड एक खालून आणि वरून लावायचे. सगळे वरून लावले तर फळ्या त्या बाजूला कमानीसारख्या वळतात, कारण दाबाची रेषा फळीच्या मध्यातून जात नाही. जबडा आणि कड यांच्यामध्ये, जाडीच्या बरोबर मध्यावर, बोटाएवढी गोल काठी ठेवली तर दाब मध्यातूनच जातो. हा उपाय इतका स्वस्त आहे की लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. शिवाय फळ्यांच्या वर-खाली आडव्या, जाड पट्ट्या लावून त्यांची टोकं सी क्लॅम्पने हलकेच दाबायची, म्हणजे एक फळी वर आणि एक खाली असं होत नाही. या पट्ट्यांना पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळायची, किंवा दुधाची रिकामी पिशवी कापून मध्ये घालायची. नाहीतर त्याही टेबलाचा कायमचा भाग होतात.

दुधाच्या पिशवीचा आणखी एक उपयोग आहे. लोखंडी दांडा ओल्या गोंदाला टेकला की बाभूळ, खैर असल्या लाकडावर निळा-काळा डाग पडतो. या लाकडांत टॅनिन भरपूर असतं, आणि टॅनिन, ओल व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनाची. शाई कागदावरून जात नाही तसा हा डागही रंध्याच्या एका फेऱ्यात जात नाही, खोल शिरलेला असतो. दांडा आणि लाकूड यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवला की प्रश्न संपतो.

ओल्या गोंदावर फळ्या घसरतात हा सगळ्यांचा अनुभव. आवळायला लागलं की दोन कडा एकमेकींवरून सरकतात. एकदम न आवळता आधी नुसतं टेकवायचं, मिनिटभर थांबायचं आणि मग फेरा द्यायचा. गोंद तेवढ्यात थोडा धरतो. जिथे जराही सरकून चालणार नाही तिथे काका एका फळीत चूक, म्हणजे बारीक खिळा, अर्धवट ठोकतात आणि तिचं डोकं पक्कडीने तिरपं तोडतात. उरलेलं टोक दुसऱ्या फळीत रुततं. ते आतच राहतं, दिसत नाही.

किती आवळायचं? सांध्याच्या कडेने मोहरीएवढे थेंब ओळीने उभे राहिले की बास. थेंब कुठे आलेच नाहीत तर तिथे गोंद कमी पडला आहे, आणि आणखी आवळून गोंद वाढत नाही. ओघळ वाहत असतील तर गोंद जास्त झाला. हे थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसावेत की अर्धवट सुकल्यावर पटाशीने खरवडावेत, यावर सुतारांचे दोन पक्ष आहेत. मी खरवडणाऱ्यांच्या पक्षात आहे. पुसताना पातळ झालेला गोंद लाकडाच्या छिद्रांत पसरतो आणि पॉलिश मारल्यावर तिथे फिकट डाग उठतो. अर्ध्या तासाने थेंब रबरासारखे झाले की एका फटक्यात निघतात.

चौकट आवळली की कर्ण मोजायचे. नववीच्या मुलांना मी हे प्रमेय शिकवायचे: समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत असतो. कशासाठी शिकायचं हे, असं विचारणाऱ्या मुलाला तेव्हा माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आता आहे. समोरासमोरच्या बाजू मापात असतील आणि दोन्ही कर्ण सारखे आले तर चारही कोपरे काटकोनात. फरक आला तर क्लॅम्प किंचित तिरका करून लांब कर्णाच्या दिशेला वळवायचा. दोन-तीन मिलिमीटर असे निघतात. त्याहून जास्त फरक असेल तर चूक सांध्यात आहे.

जुन्या वाड्याचं सागवान हा आपल्या गावातला मोहात पाडणारा माल. वाडे उतरतात, तुळया आणि फळ्या विकायला येतात, आणि लाकूड खरंच उत्तम असतं. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात. आणि सागात नैसर्गिक तेल असतं. रंधा मारून आठवडाभर ठेवलेल्या कडेवर ते पृष्ठभागावर येतं आणि गोंदाला धरू देत नाही. रंधा मारल्या दिवशीच जोडा, किंवा गोंदाच्या आधी कड अॅसिटोनने पुसून घ्या.

क्लॅम्पचे प्रकार पुष्कळ आहेत, त्यातले थोडेच रोज हाताला लागतात. सी क्लॅम्प खूप दाब देतो पण बसवायला वेळ घेतो. एफ क्लॅम्प सगळ्या कामाचा राजा, मात्र स्वस्तातला घेतला तर दांडा वाकतो आणि जबडा तिरका होतो. एका हाताने दाबायचे पिस्तुलासारखे क्लॅम्प धरायला छान, आवळायला कमजोर. रुंद कामाला मला पाइप क्लॅम्प सगळ्यात परवडतात. जबड्यांची जोडी विकत घ्यायची आणि पाइप नळाच्या सामानाच्या दुकानातून हव्या त्या लांबीचा आटे पाडून आणायचा. आज तीन फूट, उद्या सहा फूट, जबडे तेच.

या बाबतीत नाशिककर नशीबवान आहे. सातपूरच्या एमआयडीसीत टपारियाचा कारखाना आहे. देशभरच्या हत्यारपेट्यांमधल्या पकडी आणि पाने तिथून जातात. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांत जाऊन बघा, वेल्डिंगच्या जिगवर एका झटक्यात बसणारे टॉगल क्लॅम्प ओळीने लावलेले दिसतील. तिथल्या एका टर्नरने मला जुन्या स्क्रूच्या दांड्यापासून एक क्लॅम्प करून दिला. चौकोनी आट्यांचा, वजनाला भयंकर. मी तो क्वचित वापरते, पण तो आवळताना जो आवाज येतो तो बाजारातल्या एकाही क्लॅम्पला नाही.

क्लॅम्प नसले म्हणून काम अडत नाही, हेही काकांकडे पाहूनच कळलं. त्यांच्याकडे दुकानातून घेतलेले क्लॅम्प मोजकेच. रुंद फळ्या ते पाचरींवर आवळतात. एका जाड पाटाला दोन टोकांना दोन ठोकळे स्क्रूने बसवलेले. मध्ये फळ्या ठेवायच्या आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट घालून दोन्हीकडून हातोडीने ठोकायच्या. दोन उतार एकमेकींवर चढतात आणि बाहेरच्या कडा समांतरच राहतात, त्यामुळे दाब सरळ लागतो. खुर्चीचे पाय सैल झाले असतील तर चारही पायांभोवती सुती दोरी दुहेरी फिरवायची, मध्ये काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी आडव्या दांड्याला अडकवून ठेवायची. वाकड्यातिकड्या आकाराला, म्हणजे पाळण्याच्या कोरीव दांड्याला किंवा मूर्तीच्या मोडलेल्या हाताला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. ताणून गुंडाळत गेलं की प्रत्येक वेढा दाब वाढवतो, आणि रबर असल्यामुळे लाकूड आकसलं तरी दाब सुटत नाही. पंक्चरवाला या पट्ट्या फुकट देतो. सनमायका चिकटवताना क्लॅम्पचा दाब कडेपुरताच पोचतो, तिथे सपाट पाट आणि वर सिमेंटच्या गोण्या बऱ्या. रबरी चिकटद्रव्य वापरलं असेल तर ठेवून द्यायचीही गरज नाही, जोरात रूळ फिरवला की झालं.

आणि मग असे क्लॅम्प, जे लावल्यावर कधी काढायचेच नसतात. बैलगाडीच्या चाकाची धाव हा माझ्या मते माणसाने केलेला सर्वात देखणा क्लॅम्प. लाकडी चाकात आरे, मधला तुंबा, कडेचे लाकडी पुठ्ठे सगळे सुटे, गोंदाचा थेंब नाही. लोहार चाकाच्या परिघापेक्षा थोडी लहान लोखंडी धाव करतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. साडेचार फुटी चाकाचा परिघ सव्वाचार मीटरच्या वर. लोखंड चारशे अंशांनी तापवलं की तेवढ्या लांबीत सुमारे दोन सेंटीमीटर वाढतं, आणि थंड होताना ते सगळं परत मागतं. सगळे सांधे करकर वाजत आत जातात. कुठल्याही स्क्रूने सगळ्या बाजूंनी एकाच वेळी इतका सारखा दाब देता येणार नाही.

गंगापूर-सावरगाव रस्त्याच्या बाजूच्या वायनरीत पाहुण्यांना ओकची पिंपं दाखवतात. लोक वाइनकडे बघतात, मी कड्यांकडे बघत बसले. पिंपाच्या फळ्यांमध्येही गोंद नाही, खिळा नाही. कडी ठोकत ठोकत फुगीर मध्याकडे सरकवली की फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि आत द्रव भरला की लाकूड फुगून उरलेल्या फटी बुजवतं. रिकामं पिंप कोरडं पडलं तर गळायला लागतं. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासारख्या इमारतीत खांब आणि तुळई यांच्यावर वरचा मजलाच बसलेला असतो, तिथे वजनच सांधे दाबून ठेवतं. लाकडी खुंटीनेही हे साधतं. खाच आणि तिच्यात बसणारं कुसू यांची भोकं मुद्दाम केसभर पुढेमागे पाडली की खुंटी ठोकताना ती सांध्याला आत ओढते आणि तशीच राहते.

खिळासुद्धा याच जातीतला. शहराच्या नव्या भागात, पाथर्डी फाट्याकडे किंवा गंगापूर रोडला, कुठल्याही इमारतीत काम चालू असलं की हवेच्या खिळेबंदुकीचा टक-टक आवाज येतो. कामगारांच्या पिशवीत क्लॅम्प जवळजवळ नसतोच. मला आधी याचा राग यायचा. काकांनी समजावलं की दर चौरस फुटावर ठरतो, क्लॅम्प लावून बसलं तर दिवस जातो आणि दिवसाचे पैसे कुणी देत नाही. खिळा गोंद सुकेपर्यंत धरतो आणि मग आतच राहतो. प्लायवूडच्या खोक्याला हे पुरतंही, प्लायवूड फारसं फुगत-आकसत नाही आणि स्क्रू आधीच असतात. पण भरीव लाकडाची फळी कडेला कड लावून जोडायची असेल तर खिळा निरुपयोगी आहे. तो दोन जागी धरतो आणि मधलं सगळं उघडं सोडतो.

म्हणून घरी सुताराचं काम निघालं की मी ओळखीच्यांना एवढंच सांगते: भरीव लाकडाचं जे काही जोडायचं असेल, दरवाजे, टेबलाची फळी, देव्हाऱ्याची पाठ, ते कामगारांना संध्याकाळी निघायच्या आधी शेवटचं जोडायला लावा. कोरडी जुळणी दुपारीच करून ठेवायची, सहाला गोंद, लगेच क्लॅम्प, आणि मंडळी घरी. रात्रभर काम आवळलेलं राहतं, दिवस कुणाचाच जात नाही. सकाळी सोडल्यावर मात्र लगेच रंधा मारू द्यायचा नाही. गोंदाच्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते आत्ता सपाट केलं तर नंतर बसतं आणि पॉलिशवर बारीक चर दिसतो. दोन-तीन दिवस त्यांना प्लायवूडची खोकी करू देत, मग रंधा.

शेजारच्या घरी हे सांगितलं तर ठेकेदाराची हरकत वेळेबद्दल नव्हतीच. "ताई, पटतंय हो, पण सहा क्लॅम्प आणू कुठून?" मी माझे दिले. आठवड्याने सहाच्या सहा परत आले. दोघांच्या दांड्यांवर गोंद वाळलेला, तो पटाशीने काढून आट्यांना मेणबत्ती घासली. तेल लावत नाही, लाकडाला लागतं. सहातला एक माझा नव्हता, पण माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून मी काही बोलले नाही.